‘ख्रिस्ती माणूस आणि पैसा’ : विषयाचा प्रश्न कसा करायचा?

पेट पास झालात, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय. या टप्प्यावर बहुतेकांच्या हातात विषय असतो, प्रश्न नसतो. या दोहोंत फरक काय, हे सांगायला आज मुद्दाम विज्ञानाबाहेरचं उदाहरण घेतलंय : ख्रिस्ती लोक काम, पैसा आणि मालमत्ता यांकडे कसे पाहतात?

हेच उदाहरण घ्यायला कारण आहे. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या पट्ट्यात वाढलेल्यांनी ख्रिस्ती शेजाऱ्यांबद्दल दोन वाक्यं हमखास ऐकलेली असतात. एक, “त्यांच्याकडे आला पगार की गेला, साठवणं माहीतच नाही.” दुसरं, “मिशनचा पैसा येतो हो त्यांना, त्यांना कशाची चिंता?” दोन्ही वाक्यं कधीकधी एकाच माणसाच्या तोंडून, एकाच चहाच्या कपावर निघतात, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता समजा, कुणीतरी यावर गूगल फॉर्म बनवला. रविवारी चर्चबाहेर उभं राहून शंभर जणांकडून भरून घेतला, एसपीएसएसमध्ये टाकला आणि प्रबंधात लिहून मोकळं झालं की ‘ख्रिस्ती समाजात बचतीची प्रवृत्ती कमी आढळते’. पुढचा संशोधक ते वाक्य उचलतो, त्याच्या पुढचा त्याचं उचलतो. चहाच्या कपावरच्या शेऱ्याला संदर्भ क्रमांक मिळतो. मग घर भाड्याने देताना किंवा कर्जाचा अर्ज तपासताना कुणी तोच शेरा मनात धरला, तर त्याच्या बाजूला ‘संशोधन’ही उभं असतं. म्हणून प्रश्न नीट मांडणं ही फक्त आरएसीसमोर निभावून नेण्याची गोष्ट नाही. खऱ्या माणसांवर त्याचा परिणाम होतो.

ग्रंथ वाचला की वागणूक कळते?

पहिला मोह असतो तो धर्मग्रंथ उघडण्याचा. उघडून बघूया. मत्तयच्या शुभवर्तमानात देव आणि धन या दोन मालकांची चाकरी एकदम करता येत नाही, असं शिकवलंय. त्याच शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायात मालकाचा पैसा जमिनीत पुरून ठेवणाऱ्या नोकराला बोलणी बसतात, कारण त्याने तो निदान व्याजावर तरी लावायला हवा होता. प्रेषितांच्या कृत्यांत सुरुवातीचे श्रद्धावंत आपली मालमत्ता विकून पैसा सगळ्यांसाठी एकत्र ठेवताना दिसतात. पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला बजावतो की ज्याला काम करायचं नाही त्याने जेवणाची अपेक्षाही करू नये. याकोबाच्या पत्रात शेतमजुरांची मजुरी अडवणाऱ्या श्रीमंतांची कडक झाडाझडती आहे.

आता यातून भाकीत काय काढणार? ख्रिस्ती माणूस साठवेल, वाटेल, व्याज घेईल की व्याजाला पाप म्हणेल? इतिहासात हे सगळं झालंय. मध्ययुगात चर्चने व्याज निषिद्ध मानलं, पुढे त्या नियमाची धार बोथट होत गेली. 1891मध्ये पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढलं. त्यात खासगी मालमत्तेचा हक्क मान्य केला आणि त्याचबरोबर रास्त मजुरी आणि कामगारांच्या संघटना यांचीही बाजू घेतली.

थोडक्यात, ग्रंथातून तुम्हाला हवं ते गृहीतक निघतं, आणि कुठलाही निकाल आला तरी ‘हे तर ग्रंथात आहेच’ म्हणता येतं. जे गृहीतक कुठल्याच निकालाने खोटं ठरत नाही, त्याची चाचणीच झालेली नसते.

वेबर, आणि 109 टक्क्यांचा तक्ता

या विषयावर लिटरेचर रिव्ह्यू करायला घेतलात की पहिलं नाव येणार मॅक्स वेबर. 1904-05मध्ये या जर्मन समाजशास्त्रज्ञाने प्रॉटेस्टंट नीती आणि भांडवलशाही यांचा संबंध जोडणारा प्रसिद्ध निबंध लिहिला. त्याचं म्हणणं ढोबळमानाने असं : कॅल्व्हिनच्या पंथात कुणाला मुक्ती मिळणार हे देवाने आधीच ठरवलेलं असतं. आपण त्यात आहोत की नाही, या धास्तीने माणूस आपल्या व्यवसायाला ईश्वरी कर्तव्य मानतो, शिस्तीत राबतो आणि मिळालेलं चैनीत उडवत नाही. उडवलं नाही की साठतं, साठलं की पुन्हा धंद्यात जातं.

कल्पना दमदार आहे. पण निबंधाची सुरुवात आकड्यांनी होते, आणि तिथे तुमच्यासाठी धडा आहे. वेबरने आपला विद्यार्थी मार्टिन ऑफेनबाखर याचा बाडेन प्रांतातला एक तक्ता वापरला : कुठल्या प्रकारच्या शाळेत कुठल्या धर्माची किती टक्के मुलं. त्यातल्या एका ओळीत प्रॉटेस्टंट 69, कॅथलिक 31 आणि ज्यू 9 टक्के दिले होते. बेरीज करा. 109 येते. पहिला आकडा 59 हवा होता. स्वीडिश अर्थइतिहासकार कुर्ट सॅम्युएलसन याने ही चूक 1957च्या पुस्तकात दाखवून दिली, म्हणजे निबंधानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी. त्याचा दुसरा आक्षेप तर अधिक खोल होता. शाळा ज्या भागांत होत्या, तिथली वस्तीच मुळात जास्त प्रॉटेस्टंट होती. म्हणजे तुलना पूर्ण प्रांताच्या लोकसंख्येशी न करता त्या भागाच्या लोकसंख्येशी करायला हवी होती.

दोन गोष्टी लिहून ठेवा. मोठ्या माणसाचा तक्ता असला तरी बेरीज स्वतः करायची. आणि टक्केवारी दिसली की पहिला प्रश्न विचारायचा : छेदात कोण आहे?

त्याच प्रश्नाच्या दोन नव्या चाचण्या

वेबरचं म्हणणं आकड्यांवर घासून बघण्याचे पुढे बरेच प्रयत्न झाले. त्यातले दोन शेजारी ठेवून वाचा.

2009मध्ये साशा बेकर आणि लुडगर वोसमान यांनी प्रशियातल्या 452 काउंटींची एकोणिसाव्या शतकातली आकडेवारी घेतली. प्रॉटेस्टंट काउंटी जास्त सधन होत्या, इथपर्यंत वेबर बरोबर. पण साक्षरता हिशेबात घेतल्यावर तो फरक जवळजवळ विरून गेला. कारण सरळ होतं : प्रत्येकाने बायबल स्वतः वाचावं असा ल्यूथरचा आग्रह होता, त्यासाठी शाळा निघाल्या, आणि अक्षरओळख झालेला माणूस बायबलबरोबर हिशेबाची वहीही वाचू लागला. काटकसरीची धास्ती बाजूला राहिली, शाळा पुढे आली.

पण सधन भागच आधी प्रॉटेस्टंट झाले असतील तर? हे तपासायला त्यांनी ल्यूथरच्या विटेनबर्ग गावापासूनचं अंतर वापरलं. नवा पंथ तिथून वर्तुळासारखा पसरला होता. अंतराचा संबंध धर्माशी आहे, पण आधीच्या सुबत्तेशी थेट नाही, असा त्यांचा युक्तिवाद. अर्थशास्त्रात याला इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल म्हणतात. आपण प्रयोगशाळेत एक गोष्ट बदलतो आणि बाकीच्या स्थिर ठेवतो. इतिहासात तसं करता येत नाही, म्हणून असा भूगोलाचा आधार शोधावा लागतो.

2015मध्ये डाव्हिडे कँटोनी याने 272 जर्मन भाषक शहरं आणि 1300 ते 1900 असा सहाशे वर्षांचा पट घेतला. शहराची लोकसंख्या हे भरभराटीचं माप धरलं. प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक शहरांच्या वाढीत त्याला फरक आढळला नाही.

मग खरं कोण? घाईने बाजू घेऊ नका. एकाने काउंटी मोजल्या, दुसऱ्याने शहरं. एकाने एका शतकातलं उत्पन्न पाहिलं, दुसऱ्याने सहा शतकांतली लोकसंख्या. प्रश्न ऐकायला सारखा असला तरी मोजलेली वस्तू वेगळी आहे. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये ‘काहींच्या मते असं, काहींच्या मते तसं’ लिहून थांबण्यापेक्षा कुणी काय मोजलं याचा तक्ता करा. निम्मे मतभेद तिथेच उलगडतात.

‘ख्रिस्ती’ हा एक रकाना नाही

आता आपल्या पट्ट्यात येऊ. फॉर्ममध्ये ‘धर्म : ख्रिस्ती’ असा रकाना ठेवलात की त्यात कोण कोण येतं ते बघा.

ठाण्यात मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चच्या आसपास आणि साष्टीच्या जुन्या गावठाणांतून ईस्ट इंडियन लोक आहेत. यांचे पूर्वज इथलेच शेतकरी, कोळी, भंडारी. पोर्तुगीज काळात ते ख्रिस्ती झाले. पोर्तुगीज सत्ता 1737-39च्या मोहिमेत गेली, धर्म राहिला. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी 1887मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी घेतलं. त्यामागे नोकरीचा हिशेब होता. गोवा आणि मंगळूरहून कामासाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, कंपनी सरकारच्या काळापासूनचे इथले प्रजाजन, हे दाखवायचं होतं. म्हणजे समाजाचं नावच कामाच्या बाजारात ठरलं.

कल्याणकडे सरका. रेल्वे आणि कारखान्यांमुळे आलेली कुटुंबं, केरळहून आलेले सिरो-मलबार कॅथलिक, ज्यांच्यासाठी 1988मध्ये कल्याण नावाचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आणि अहमदनगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली मराठी प्रॉटेस्टंट घरं. कुणी पिढ्यान्‌पिढ्या जमीन असलेलं, कुणी नर्सिंगच्या नोकरीवर संसार उभा केलेलं, कुणी मिशन शाळेतल्या शिक्षणावर पुढे आलेलं. यांच्या बचतीत फरक दिसला तर तो धर्माचा की जमिनीचा, स्थलांतराचा, जातीच्या इतिहासाचा, शिक्षणाचा? एकाच रकान्यात हे सगळं घातलंत तर सरासरी येईल, पण ती कुणाचीच नसेल.

1918 सालची वसईची पतसंस्था

नेमका प्रश्न घडवायला वसईचं उदाहरण उत्तम आहे. वसई तालुका आज पालघर जिल्ह्यात असला तरी 1 ऑगस्ट 2014पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. तिथे 1918मध्ये मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने कॅथलिकांची पतसंस्था सुरू झाली. तीच आजची बेसिन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक, आता शेड्यूल्ड बँक. एक धर्मगुरू शेतकऱ्यांना बचत आणि कर्जाच्या व्यवहारात संघटित करतो आणि ती संस्था शंभर वर्षं ओलांडते. ‘ख्रिस्ती श्रद्धेमुळे काटकसर’ असं लिहायला हात शिवशिवतो की नाही?

थांबा. कंट्रोल कुठाय?

त्याच 1918 साली मुंबईत सारस्वत बँकेची सुरुवात झाली. त्याआधी 1906मध्ये चित्रापूर सारस्वतांनी शामराव विठ्ठल बँकेचं मूळ रोवलं. त्याच वर्षी पुण्यात कॉसमॉस सुरू झाली. मंगळूरच्या कॅथलिकांची सहकारी बँक 1912ची. धर्म वेगळा, जात वेगळी, गाव वेगळं, पण दीडेक दशकात सगळे एकाच प्रकारची संस्था उभी करतायत. इथे श्रद्धा कारण असती तर सगळ्यांची श्रद्धा एकाच वेळी कशी जागी झाली?

या सगळ्यांत समान काय होतं? 1904चा सहकारी पतसंस्था कायदा, आणि त्याची व्याप्ती वाढवणारा 1912चा कायदा. गावातल्या सावकाराला पर्याय द्यायचा, हा त्यामागचा सरकारी विचार. मद्रासचे अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी 1890च्या दशकात युरोपातल्या पतसंस्थांचा अभ्यास करून अहवाल दिला होता, आणि त्यांना भावलेला नमुना जर्मनीच्या रायफायझनचा होता.

इथे गोष्ट पुन्हा वळते. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन हा खेड्यांचा कारभार पाहणारा महापौर, कट्टर श्रद्धाळू प्रॉटेस्टंट. शेजाऱ्यावरचं प्रेम ही ख्रिस्ती शिकवण समोर ठेवूनच त्याने 1860च्या दशकात गावोगावच्या पतसंस्था घडवल्या. तेव्हा श्रद्धेचा काहीच हात नाही असंही म्हणता येत नाही. ती शिकवण संस्थेच्या नियमांत उतरली, नियम कायद्यात, आणि कायदा समुद्र ओलांडून आला. मग त्याचा उपयोग वसईच्या कॅथलिक शेतकऱ्याने केला आणि गिरगावातल्या सारस्वत कारकुनानेही.

मग चर्चचा वाटा कोणता?

रायफायझनच्या नमुन्यात क्षेत्र लहान असतं, सभासद एकमेकांना ओळखतात, आणि एकाने कर्ज बुडवलं तर बाकीच्यांच्या मालमत्तेवर येतं. त्यामुळे कुणाची वाडी पिकली, कुणी दारूत पैसे घातले, कुणाच्या घरी आजारपण आहे, हे सगळ्यांना ठाऊक असणं हीच खरी तारण-व्यवस्था. टिमथी गिनाने याने जर्मन पतसंस्थांवर लिहिताना हाच मुद्दा मांडलाय : या संस्था टिकल्या कारण बाहेरच्या सावकाराला न मिळणारी माहिती त्यांच्याकडे होती. 1990मध्ये जोसेफ स्टिगलिट्झ याने सभासदांनी एकमेकांवर ठेवलेल्या नजरेचं गणित मांडलं.

पॅरिश म्हणजे नेमकी अशी जागा. दर रविवारी तेच लोक भेटतात, बाप्तिस्मा, लग्न, मयत सगळ्याची नोंद एका ठिकाणी असते, आणि धर्मगुरू प्रत्येक घर ओळखतो. सारस्वतांच्या बाबतीत ते काम नातेवाईक, मठ आणि ज्ञाती करत असतील. आता तुमच्याकडे दोन गृहीतकं आहेत आणि ती वेगवेगळी भाकितं करतात.

पहिलं : परतफेड चांगली होते ती श्रद्धेतून आलेल्या शिस्तीमुळे. तसं असेल तर उत्पन्न आणि शिक्षण सारखं धरल्यावर, जुन्या गावातला कॅथलिक कर्जदार आणि शहरातल्या टॉवरमध्ये नव्याने राहायला आलेला कॅथलिक कर्जदार यांच्या परतफेडीत फार फरक दिसू नये. श्रद्धा दोघांबरोबर आहे.

दुसरं : परतफेड चांगली होते ती एकमेकांच्या ओळखीमुळे. तसं असेल तर शाखा पॅरिशपासून लांब जाईल तशी परतफेड ढिली पडावी, किंवा बँकेला ओळखीच्या जागी पगाराची स्लिप आणि जामीनदार आणावे लागावेत. आणि हाच आकार बिगरख्रिस्ती ज्ञाती बँकेतही दिसावा.

एका निकालाने एक पडेल, दुसऱ्याने दुसरं. गृहीतक असं हवं, पडू शकणारं.

तुलनेसाठी वसईतच आणखी एक सोय आहे. तिथे सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी, आणि सामवेदी ब्राह्मण शेजारशेजारच्या गावांत राहतात. बोली एकाच मुळाची, शेतीवाडीचा व्यवसाय सारखा, धर्म वेगळा. विटेनबर्गचं अंतर मोजायला जर्मनीत जायची गरज नाही, तुलनेचा गट पश्चिम रेल्वेवर आहे.

मालमत्ता म्हणून काय मोजणार?

शेवटचा खड्डा मोजमापाचा. बचत म्हणजे एफडी, एसआयपी आणि सोनं, असा फॉर्म तुम्ही बनवलात समजा. वसईत केळी, पानवेल, फुलांची वाडी राखून असलेलं कुटुंब त्यात ‘बचत कमी’ म्हणून दिसेल. प्रत्यक्षात ज्या वाडीवर बिल्डरची नजर आहे ती न विकणं, हा त्यांचा सगळ्यात मोठा आर्थिक निर्णय असू शकतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ज्या हरित वसईच्या लढ्यात पुढे होते, तो जमीन आणि पाणी वाचवण्याचाच लढा होता, आणि त्यात सगळ्या धर्मांचे वसईकर होते. तुमच्या फॉर्मला हे दिसणारच नसेल तर दोष वाडीचा नाही.

दशमांशाचंही तसंच. मंडळीला नियमाने दिलेला पैसा तुम्ही ‘खर्च’ या रकान्यात टाकाल. पण त्याच मंडळीकडून आजारपणात मदत येत असेल, तर तो विम्याच्या हप्त्यासारखा मानायचा का? हे आधी ठरवा आणि पद्धतीच्या प्रकरणात लिहा. निकाल आल्यावर ठरवलंत तर तो निकाल तुमच्या सोयीचा असेल.

तेव्हा सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर ‘ख्रिस्ती समाजाचा पैशाकडे पाहण्याचा दृष्टिकोन : एक अभ्यास’ असं लिहिलेलं असेल तर ते खोडा. त्या जागी असं काहीतरी येऊ दे : ‘ज्ञाती किंवा पॅरिशवर उभ्या राहिलेल्या सहकारी बँका आपल्या मूळ वस्तीबाहेर शाखा काढतात तेव्हा कर्जाची परतफेड आणि तारणाच्या अटी कशा बदलतात? वसईतली एक आणि मुंबईतली एक बँक यांची तुलना.’ वार्षिक अहवाल, उपविधी आणि शाखानिहाय थकबाकीचे एकत्रित आकडे, इतक्यावर काम सुरू होऊ शकतं. व्यक्तिगत खाती मागू नका. ती मिळणार नाहीत, आणि मिळूही नयेत. एथिक्स कमिटीचा अर्ज मात्र पहिल्याच सत्रात टाका.

दुसरं शीर्षक लांबलचक आहे आणि ऐकायला कमी भारदस्त. पण त्याचं उत्तर चुकू शकतं, आणि ते चुकलं तर कळतं. शिवाय ते उत्तर घेऊन कुणाला शेजाऱ्यावर शेरा मारता येणार नाही. तुमचा विषय कुठलाही असू दे, माती, पेशी, पॉलिमर किंवा माणसं, आज रात्री आपलं शीर्षक याच कसोटीवर लावून बघा : कुठला निकाल आला तर मी चुकीचा ठरेन? त्याचं उत्तर एका वाक्यात लिहिता आलं, तर ते घेऊन सोमवारी गाईडकडे जा.